कच्च्या तेलाचा भाव आणि कृष्णाकाठचे इथेनॉल : पार्श्वभूमी

भाव चढला की विहिरी खोदायला पैसा येतो, उतरला की रिग, म्हणजे विहीर खोदणारी यंत्रे, बंद पडून उभ्या राहतात. 1973 नंतर पिंपाचा भाव तीन डॉलरवरून बाराच्या घरात गेला, तेव्हा महाग म्हणून मागे ठेवलेली समुद्रातली क्षेत्रेही परवडू लागली. उलट, 2014 च्या जूनमध्ये 115 डॉलरजवळ असलेला भाव 2016 च्या जानेवारीत तिशीखाली घसरला आणि जगभरातली शोध-उत्पादनातली गुंतवणूक सलग दोन वर्षे सुमारे पाव हिश्शाने कमी होत गेली.

सांगली-साताऱ्यात तेलाची विहीर नाही, पण पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे इथेनॉल इथल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत तयार होते. 2001 मध्ये मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प झाले, त्यांतला एक मिरजेचा होता. पुढची बारा-तेरा वर्षे निविदा आणि दरांच्या घोळात गेली. डिसेंबर 2014 मध्ये केंद्राने दर बांधून दिला : अंतरानुसार लिटरला 48.50 ते 49.50 रुपये. कच्चे तेल कोसळत असताना हा दर टिकला आणि 2015-16 मध्ये देशात 111 कोटी लिटर पुरवठा झाला.

मग ऑक्टोबर 2016 मध्ये दर 39 रुपये झाला. या आकड्यावरून आजही वाद होतो. जुना दर तेल कंपनीच्या डेपोपोच होता, म्हणजे कर आणि वाहतूक त्यातच. नव्या 39 रुपयांत या दोन्ही गोष्टी नव्हत्या, त्या वेगळ्या मिळणार होत्या. म्हणून ‘लिटरला दहा रुपये कापले’ हे बरोबर नाही. पण कपात झालीच नाही, हे म्हणणेही खरे नाही : कारखान्याच्या हाती पडणारी रक्कम कमी झाली, त्याआधी ऑगस्टमध्ये उत्पादन शुल्काची सवलतही काढून घेतली होती. 2016-17 चा पुरवठा 66.5 कोटी लिटरवर आला. दुष्काळाने ऊस घटला होता, हे कारणही मोठेच. तरी कर्ज काढून डिस्टिलरी उभारणाऱ्याने यातून एक गोष्ट धरून ठेवली : तेलाची मंदी आपल्यापर्यंत पोहोचते.

तेजी मात्र पोहोचली नाही. 2018 मध्ये बी-हेवी मळी (साखर पूर्ण काढून न घेतलेली मळी) आणि थेट उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलसाठी वेगळे, चढे दर आले, व्याजात सवलत मिळाली आणि डिस्टिलऱ्यांचे विस्तार त्या भरवशावर झाले. हे दर उसाच्या आणि साखरेच्या हिशेबाने ठरत होते. त्यामुळे 2022 मध्ये कच्चे तेल शंभर डॉलरपार गेले, तरी रसाच्या इथेनॉलचा दर 63.45 वरून 65.61 रुपयांवरच गेला. तेलविहिरीच्या मालकाला अशा वर्षात मागचा तोटा भरून काढता येतो, डिस्टिलरीला ती सोय नाही.

डिसेंबर 2023 मध्ये रसापासून इथेनॉल करायला अचानक मनाई झाली. आठवडाभरात 17 लाख टन साखरेइतका ऊस इथेनॉलकडे वळवण्यापुरती ढील दिली गेली. कारण साखरेच्या टंचाईची भीती हे होते, तेलाचा भाव नव्हे. गळीत ऐन भरात होते आणि कर्जाचे हप्ते मनाईमुळे थांबत नव्हते. बंधने ऑगस्ट 2024 अखेर उठली. रसाचा दर 65.61 वरच राहिला. 2022-23 ते 2024-25 मध्ये उसाची एफआरपी (केंद्राने ठरवलेला किमान दर) मात्र क्विंटलला 305 वरून 340 रुपये झाली.