केळीचा भाव कोण बघतंय?

केळीचा घड कापणीला आला की शेतकऱ्याच्या हातात मोजके दिवस उरतात. कापूस घरात रचून ठेवता येतो, केळी ठेवता येत नाही. म्हणून जळगाव जिल्ह्याच्या रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात शेजारच्या बऱ्हाणपूर बाजारात भाव काय निघाला, नवतीला (नव्या लागवडीच्या केळीला) किती, पिलबागेला (जुन्या बागेच्या फुटव्यावरच्या केळीला) किती, वापसीचा म्हणजे हलक्या प्रतीचा माल किती खाली गेला, हे रोज पाहिलं जातं. आता ते बहुतेक मोबाइलवर. असे भाव देणारी एखादी छोटी वेबसाइट धरून चला. ती चालवणाऱ्याला साहजिकच वाटतं की रोज किती लोक येतात, कोणतं पान उघडतात, पहाटे येतात की रात्री, हे आपल्याला कळावं.

आता तीच नोंद दुसऱ्या बाजूने वाचा. एक माणूस आठवडाभर दिवसातून चार-पाचदा भाव बघतोय, मधेच वापसीचा भाव उघडतोय आणि मग पीककर्जाच्या पानावर जातोय. बाग कापायला आलीय आणि माणूस अडचणीत आहे, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. अशा माणसाशी सौदा करायला बसणाऱ्याला आणखी काय हवं? खाजगीपणा म्हणजे युरोपातल्या लोकांची चैन, असं आपल्याकडे बरेच जण म्हणतात. केळीपट्ट्यात तरी तो क्विंटलमागे रुपयांत मोजता येतो.

मुळात कुठलंही पान उघडताना फोन सर्व्हरला काही गोष्टी सांगतोच. उत्तर कुठे पाठवायचं तो आयपी पत्ता, कोणतं पान हवं, ब्राउझर आणि फोन कोणता आणि बऱ्याचदा आधीच्या कोणत्या साइटवरून आलो तेही. सर्व्हर यातली प्रत्येक मागणी वेळेसकट एका ओळीत लिहून ठेवतो. हाच लॉग. वेब नवं होतं तेव्हा हे लॉग वाचूनच मोजणी व्हायची. आजही ‘गोॲक्सेस’ नावाचा मोफत प्रोग्रॅम तेच करतो. पानात एकही अक्षर न घालता लॉगमधून तक्ता काढून देतो.

लॉगची अडचण अशी की त्यात माणसं कमी आणि बॉट, म्हणजे आपोआप पानं उघडणारे प्रोग्रॅम, फार. शोधयंत्रांचे बॉट, एआयसाठी मजकूर गोळा करणारे बॉट, कुठे दार उघडं सापडतंय का पाहणारे बॉट. छोट्या साइटच्या लॉगमध्ये माणसांपेक्षा त्यांचीच वर्दळ जास्त दिसली तर नवल नाही. म्हणून दुसरी पद्धत आली. पानात छोटी स्क्रिप्ट ठेवायची आणि ती ब्राउझरमध्ये चालली की मोजणीच्या सर्व्हरला निरोप जातो. साधे बॉट स्क्रिप्ट चालवत नाहीत, त्यामुळे आकडा बराच स्वच्छ होतो. जोडीला कुकी असते, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. नेटस्केप कंपनीत १९९४ साली कुकी जन्मली ती ब्राउझरने काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात म्हणून. पुढे तिच्यातच प्रत्येक पाहुण्याचा कायमचा क्रमांक लिहिला जाऊ लागला.

गूगलने २००५ मध्ये अर्चिन नावाची कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी गूगल ॲनालिटिक्स फुकट वाटायला सुरुवात केली. बहुतेक साइटवाल्यांनी ते डोळे झाकून बसवलं, आणि त्यांना फार दोष देता येत नाही, कारण साधन खरंच ताकदीचं आहे. गूगल कुणाचं नाव काढून व्यापाऱ्याच्या हातात देत नाही, हेही खरं. पण साइट जाहिरात खात्याशी जोडलेली असेल तर ‘हे पान पाहिलेले लोक’ असा गट बांधून त्यांच्या मागे जाहिराती सोडता येतात. शिवाय आकडे राहतात परक्याच्या घरी. १ जुलै २०२३ला गूगलने जुन्या पद्धतीची मोजणी थांबवली आणि वर्षभराने तिचे साठलेले आकडेही बंद केले. ज्यांनी वेळेत उतरवून घेतले नाहीत त्यांचा इतिहास गेला.

मग आपल्याच सर्व्हरवर मोजणी ठेवायची आणि तीही कुकीशिवाय, तर एकच माणूस दहा पानं फिरला, का दहा वेगळी माणसं आली, हे कसं ओळखायचं?

यासाठी हॅश वापरतात. हॅश म्हणजे असं गणित, ज्यात कितीही लांबीचा मजकूर घातला तरी ठरावीक लांबीचा अगम्य क्रमांक बाहेर पडतो. तोच मजकूर पुन्हा घातला तर तोच क्रमांक, एक अक्षर बदललं तर पूर्ण वेगळा. ज्वारी दळून पीठ होतं, पिठाचा पुन्हा दाणा होत नाही, तसं हे एकमार्गी आहे. पाहुण्याचा आयपी पत्ता आणि ब्राउझरचं वर्णन एकत्र दळायचं, पीठ ठेवायचं, दाणे फेकायचे. झालं काम, असं वाटतं.

पण इथे एक फट आहे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते, म्हणजे आयपीव्ही४, सगळे मिळून ४ अब्ज २९ कोटींच्या आसपासच आहेत. माणसाला ही संख्या अफाट वाटते, संगणकाला नाही. साधा लॅपटॉप फार तर तासाभरात सगळेच्या सगळे पत्ते दळून काढेल, आणि मग साठवलेलं पीठ कोणत्या दाण्याचं हे जुळवून पाहणं एवढंच उरतं. ‘आम्ही पत्ता हॅश करून ठेवतो’ असं नुसतं लिहिलेलं दिसलं तर त्यावर विसंबू नये.

फट बुजवण्यासाठी दळताना एक गुप्त यादृच्छिक संख्या मिसळतात. तिला सॉल्ट म्हणतात. ती कळल्याशिवाय जुळवणी करता येत नाही. ‘प्लॉझिबल’सारख्या मोजणीच्या साधनात हा सॉल्ट रोज बदलतो आणि जुना पुसला जातो. पुसल्यानंतर कालचा क्रमांक कुणाचा होता हे साइटवाल्यालाच काय, साधन लिहिणाऱ्यालाही काढता येत नाही. सॉल्ट किती वेळाने बदलतो हे प्रत्येक साधनात वेगळं आहे. निवड करताना माहितीपत्रकात पहिली हीच ओळ शोधावी, तक्त्यांचे रंग नंतर.

या पद्धतीची किंमतही समजून घ्यायला हवी. कालचा माणूस आज आला तर तो नवा धरला जातो. त्यामुळे ‘महिन्यात वेगवेगळी माणसं किती’ याला खरं उत्तर मिळत नाही. तीस दिवसांची बेरीज करून ती माणसांची संख्या म्हणून जाहिरातदाराला दाखवणं ही फसवणूक ठरेल. दिवसाच्या आकड्यातही खोट असते, आणि ती आपल्या भागात जास्त. मोबाइल कंपन्यांकडे आयपीव्ही४ पत्ते अपुरे असल्याने एकाच पत्त्यामागे शेकडो फोन असू शकतात. त्यातच क्रोमने ब्राउझरच्या वर्णनातून फोनचं मॉडेल काढून टाकलंय. बहुतेक अँड्रॉइड फोन आता तिथे सारखेच दिसतात. परिणामी दोन शेजारी एकाच नेटवर्कवरून भाव बघत असतील तर ते एकच माणूस म्हणून मोजले जाऊ शकतात. उलट आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्यांवर, एकाच फोनचा पत्ता दिवसात बदलला तर एकाचे दोन होतात. गावाच्या नावावर तर मुळीच भरवसा ठेवू नका. सावद्यात बसलेला माणूस आयपीवरून मुंबईत किंवा नागपुरात दिसू शकतो.

मला यात तक्रारीचं काही दिसत नाही. भावाच्या साइटला हवा असतो कल. मंगळवारी वर्दळ वाढली का, वापसीचं पान कुणी उघडतं का, पान हळू उघडतं म्हणून लोक परत जातात का. हे सगळं ढोबळ आकड्यांवरून कळतं.

आता साधनं. केळीभावासारख्या साइटला माझं मत ‘गोटकाउंटर’च्या बाजूने. एकच फाइल सर्व्हरवर ठेवायची, नोंदी छोट्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये, बाकी लवाजमा नाही. ‘उमामी’ दिसायला नेटका आणि मोकळ्या परवान्याचा, पण त्याला नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) आणि स्वतंत्र डेटाबेस लागतो. प्लॉझिबलची स्वतः बसवायची आवृत्तीही मोफत आहे, मात्र तिच्याबरोबर क्लिकहाउस नावाचा मोठ्या आकडेमोडीचा डेटाबेस येतो. सर्वांत स्वस्त सर्व्हरवर तो धापा टाकतो. ‘मातोमो’ या सगळ्यांत थोरला. २००७ साली ‘पिविक’ नावाने सुरू झाला, २०१८ मध्ये नाव बदललं. पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालत असल्याने वर्डप्रेसच्या साध्या होस्टिंगवरही बसतो. पण बसवल्याबरोबर तो कुकी वापरतो, त्या आपण मुद्दाम बंद कराव्या लागतात.

धुळ्याकडे कुणी अहिराणी गाण्यांचं आणि म्हणींचं ध्वनिमुद्रण साठवणारी साइट काढली, तर तिची गरज वेगळी. तिथे गाणं किती जणांनी लावलं आणि कितव्या सेकंदाला सोडलं, हे महत्त्वाचं. अशा घटना मोजायला उमामी किंवा मातोमो योग्य. कॉलेज-शाळांच्या साइटना आणखी एक पथ्य आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढण्याला आणि त्यांच्यावर रोखलेल्या जाहिरातींना मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि बंधनं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

स्वतः बसवलं म्हणजे आपोआप खाजगी झालं, हा गैरसमज मात्र सगळीकडे आढळतो. मोजणीचं साधन आयपी फेकून देतं, पण शेजारीच वेब सर्व्हरचा मूळ लॉग तोच आयपी वेळेसकट लिहीत बसलेला असतो. त्याचं काय करायचं हे ठरवावं लागतं. कंपनी किंवा संस्था असाल तर आधी जाणकाराला विचारा, कारण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपायला सांगितलंय. अद्ययावत करणं, बॅकअप, पासवर्ड ही कामंही आता तुमचीच. दर महिन्याला त्यासाठी कुणी बसणार नसेल तर गोॲक्सेसवर भागवावं.

आणि छोट्या संख्यांचं भान ठेवा. दिवसभरात एखाद्या गावातून दोनच माणसं आली आणि त्यातलं एक कर्जाच्या पानावर गेलं, असं तक्ता दाखवत असेल तर नाव लिहायची गरजच उरत नाही. छोट्या साइटने गावनिहाय तपशील बंदच ठेवलेला बरा.

साधन कोणतंही घ्या, पहिल्या महिन्यात एक गोष्ट बुचकळ्यात टाकेल. बहुतेक पाहुणे ‘थेट’ आलेले दिसतील. ते पत्ता टाइप करून येत नसतात. व्हॉट्सॲपमधून उघडलेल्या लिंकबरोबर आधीच्या साइटचं नाव सहसा येत नाही, म्हणून सगळे ‘थेट’च्या खात्यात पडतात. प्रत्येक तालुक्याच्या ग्रुपला लिंकच्या शेवटी वेगळी खूण जोडून पाठवली तर रावेरचा ग्रुप किती, चोपड्याचा किती, हे कळतं. खूण ग्रुपची असावी, माणसाची नको. तरीही भावाच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून पुढे ढकलणारे मोजणीत येणारच नाहीत, आणि ग्रुपवर तेच जास्त असतात. त्यांच्यासाठी भावाच्या तक्त्यातच तारीख आणि साइटचं नाव ठळक छापावं, म्हणजे परवाचा भाव आजचा म्हणून फिरणार नाही.