कन्स्ट्रेंटचे नाव आणि स्कीमाची हद्द : पार्श्वभूमी

मराठवाड्यातील बाजार समित्यांच्या आवकेची नोंद ठेवणारा एखादा डेटाबेस डोळ्यांसमोर आणावा. त्यात छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव अशा आठ जिल्ह्यांचे आठ स्कीमा, म्हणजे टेबलांचे नाव दिलेले गट, आहेत, प्रत्येक स्कीमात ‘आवक’ नावाचे टेबल आहे आणि त्या टेबलातून आडत्यांच्या टेबलाकडे जाणाऱ्या फॉरेन कीला, म्हणजे आवकेच्या ओळीतील आडत्या त्या टेबलात असलाच पाहिजे या अटीला, आठही ठिकाणी ‘आवक_आडते_की’ हेच नाव दिलेले आहे. एकच रचना आठ वेळा उभी केली की असे होणारच, आणि त्यात चूक काहीच नाही. मात्र कोणी इन्फर्मेशन स्कीमातील, म्हणजे डेटाबेस स्वतःच्याच रचनेविषयी देतो त्या माहितीतील, कन्स्ट्रेंटची (डेटाने पाळायच्या अशा अटींची) यादी आणि त्या कन्स्ट्रेंटमधील कॉलमची यादी केवळ नावावरून जोडली, तर आठ ओळींऐवजी चौसष्ट ओळी हाती येतात, आणि ज्या कॉलमकडे की जाते त्यांची तिसरी यादीही तशीच जोडली तर ५१२. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, बिनतक्रार चालते, एररही येत नाही. उत्तर तेवढे चुकीचे असते. कन्स्ट्रेंटचे नाव नेमके कोणत्या हद्दीत एकमेव असते, या प्रश्नाला वेगवेगळ्या डेटाबेसांनी वेगवेगळी उत्तरे दिली, आणि ती तशी का दिली गेली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा टेबलांत ठेवण्याची पद्धत, मांडले, तेव्हा प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारी की) आणि फॉरेन की या दोन्ही संकल्पना त्या मांडणीत होत्या. त्यांना नाव देण्याचा प्रश्न मात्र तिथे नव्हता. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत सिस्टिम आर हा प्रायोगिक डेटाबेस आकाराला येत असताना, १९७६ च्या सुमारास, डेटाने कायम पाळावयाची अट ‘ॲसर्शन’ म्हणून लिहिण्याची कल्पना मांडली गेली. ही कल्पना लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढच्या सगळ्या गुंत्याचे एक टोक तिच्यापाशी आहे. डेटाबेसच्या एसक्यूएल या भाषेचे १९८६ चे पहिले मानक तुटपुंजे होते. १९८९ च्या आवृत्तीत प्रायमरी की, फॉरेन की आणि चेक (ओळीतील मूल्यांवरची अट) या अटी अधिकृतपणे आल्या, पण त्या बिननावाच्या होत्या. स्कीमाही त्या काळी नावाने उभा नव्हता. तो ज्याच्या मालकीचा, त्या वापरकर्त्याच्या नावाने ओळखला जाई.

खरी घडी बसवली ती १९९२ च्या मानकाने. स्कीमाला स्वतःचे नाव मिळाले, त्याच्या वर कॅटलॉग हा आणखी एक थर आला, कन्स्ट्रेंटला नाव देण्याची सोय झाली, आणि या नावाबाबत मानकाने स्पष्ट नियम घातला : एका स्कीमात कोणत्याही दोन कन्स्ट्रेंटची नावे सारखी असता कामा नयेत. नावाआधी स्कीमा लिहिता येतो, पण टेबलावरच्या कन्स्ट्रेंटच्या बाबतीत तो त्या टेबलाचाच स्कीमा असावा लागतो. लिहिला नाही तर टेबलाचा स्कीमा गृहीत धरला जातो.

कन्स्ट्रेंट टेबलावरच लागतो, तर त्याचे नाव टेबलापुरते एकमेव असून का भागले नसते, असे सहज वाटते. त्याचे उत्तर त्याच मानकातील इतर तीन गोष्टींमध्ये आहे. पहिली म्हणजे ॲसर्शन. ही अट दोन-तीन टेबलांवर मिळून लागू होऊ शकते, त्यामुळे ती कोणत्याही एका टेबलाची नसते आणि थेट स्कीमात राहते. दुसरी म्हणजे डोमेन, म्हणजे अटींसह बांधलेला डेटाटाइप. त्याच्या कन्स्ट्रेंटलाही टेबल नसते. तिसरी म्हणजे ‘सेट कन्स्ट्रेंट्स’ ही आज्ञा. अटींची तपासणी कमिटपर्यंत, म्हणजे बदल कायम होईपर्यंत, पुढे ढकलण्यासाठी ती वापरतात आणि तिच्यात केवळ कन्स्ट्रेंटचे नाव लिहितात, टेबलाचे नाव लिहिण्यास जागाच नाही. ही तिन्ही एकत्र ठेवली की स्कीमाची हद्द आखण्यावाचून मानक ठरवणाऱ्या समितीपुढे पर्याय उरत नव्हता असे माझे मत आहे. पुढे मोठ्या उत्पादनांनी ॲसर्शन अनेक दशके राबवलेच नाहीत; ज्याच्यासाठी हा नियम मुख्यतः गरजेचा होता ते बाजूला राहिले आणि नियम तेवढा मागे उरला.

हा नियम सर्वांत घट्ट रुतून बसला तो इन्फर्मेशन स्कीमात. फॉरेन कींची माहिती देणाऱ्या ‘रेफरेन्शियल कन्स्ट्रेंट्स’ या व्ह्यूमध्ये (टेबलासारख्या दिसणाऱ्या यादीत) मानकाने कन्स्ट्रेंटचा कॅटलॉग, स्कीमा व नाव हे तीन कॉलम ठेवले आणि ज्या प्रायमरी किंवा युनिक (पुनरावृत्ती न चालणाऱ्या) कीकडे ती फॉरेन की जाते तिचेही तसेच तीन ठेवले. टेबलाच्या नावाचा कॉलम मानकाने ठेवलाच नाही. स्कीमा व नाव कळले की कन्स्ट्रेंट पक्का कळला, हे तिथे गृहीत धरलेले आहे. ज्या डेटाबेसात हे गृहीत खरे नाही, तिथे हाच व्ह्यू फसवतो.

ओरॅकलमध्ये ते खरे आहे. तिथे वापरकर्ता आणि स्कीमा जवळपास एकच, आणि कन्स्ट्रेंटचे नाव त्या मालकाच्या हद्दीत एकमेव असावे लागते. ओरॅकलच्या सहाव्या आवृत्तीत कन्स्ट्रेंट लिहिता येत, पण त्यांची अंमलबजावणी होत नसे. ती १९९२ च्या सातव्या आवृत्तीपासून सुरू झाली. ‘वजन_तपास’ नावाचा चेक कन्स्ट्रेंट आवक टेबलावर लावून त्याच स्कीमातील हिशेबपट्टीच्या टेबलावर पुन्हा त्याच नावाने लावू गेल्यास ओआरए-०२२६४ हा एरर येतो : हे नाव आधीच एका कन्स्ट्रेंटला दिलेले आहे. ओरॅकलच्या स्वतःच्या डेटा डिक्शनरीतही (रचनेच्या नोंदींतही) फॉरेन कीच्या ओळीत समोरच्या टेबलाचे नाव नसते. समोरच्या कन्स्ट्रेंटचा मालक आणि त्याचे नाव असते. युनिक कन्स्ट्रेंट मोडला तर ओआरए-००००१ या संदेशात स्कीमा आणि नाव दोन्ही छापून येतात, त्यामुळे तक्रार लातूरच्या नोंदीची की हिंगोलीच्या, हे संदेशावरूनच कळते.

एसक्यूएल सर्व्हरने आणखी कडक वाट धरली. तिथे कन्स्ट्रेंट हा टेबल, व्ह्यू किंवा प्रोसीजरसारखाच स्कीमातील एक ऑब्जेक्ट आहे आणि या सगळ्यांची नावे एकाच यादीत मोडतात, म्हणून एखाद्या टेबलाचे नावही त्याच स्कीमातील कन्स्ट्रेंटला देता येत नाही. स्कीमा आणि वापरकर्ता यांची फारकत या उत्पादनात २००५ च्या आवृत्तीपासून झाली.

मायएसक्यूएलचा कारभार अर्धामुर्धा आहे. तिथे स्कीमा आणि डेटाबेस हे एकाच गोष्टीचे दोन शब्द आहेत, आणि मानकाने सर्व प्रकारच्या कन्स्ट्रेंटसाठी एकच नामावळी सांगितलेली असताना इथे प्रत्येक प्रकाराची नामावळी वेगळी आहे. फॉरेन कीचे नाव डेटाबेसभर एकमेव लागते, कारण इनोडीबी हा त्यातील डेटा साठवणारा भाग ते नाव आतमध्ये डेटाबेसचे नाव पुढे जोडून साठवत आले आहे. नाव जुळले की येणारा १२१ क्रमांकाचा एरर जुन्या लोकांच्या चांगला परिचयाचा आहे. चेक कन्स्ट्रेंट २०१९ मध्ये ८.०.१६ या आवृत्तीपर्यंत केवळ वाचून सोडून दिले जात. त्यानंतर ते खरोखर तपासले जाऊ लागले आणि त्यांचीही नावे डेटाबेसभर एकमेव झाली. प्रायमरी कीला मात्र तुम्ही काहीही नाव द्या, मायएसक्यूएल तिला ‘प्रायमरी’ हेच नाव ठेवतो. त्यामुळे तिथे स्कीमा आणि नाव या दोन्हींवरून जोडणी केली तरी डेटाबेसातील प्रत्येक टेबलाची प्रायमरी की एकमेकींत मिसळते, आणि टेबलाचे नाव अटीत घालावेच लागते.

पोस्टग्रेसची कथा सर्वांत लांब आहे, आणि मला सर्वांत बोधक वाटते तीही हीच. या डेटाबेसात फॉरेन की २००० मध्ये ७.० या आवृत्तीत आली, पण ती आतून ट्रिगरच्या, म्हणजे टेबलात बदल होताच आपोआप चालणाऱ्या कोडच्या, स्वरूपात होती. नाव दिले नसेल तर अट मोडल्यावर संदेशात नावाच्या जागी ‘अननेम्ड’ एवढेच छापून येई. चेक कन्स्ट्रेंट वेगळ्या कॅटलॉग टेबलात, म्हणजे डेटाबेसच्या अंतर्गत नोंदींच्या टेबलात, असत (मानकातील कॅटलॉग या थराशी याचा संबंध नाही). ट्रिगर टेबलाचा, चेकही टेबलाचा. साहजिकच नावाची हद्दही टेबलापुरतीच राहिली. स्कीमा तर तोवर पोस्टग्रेसमध्ये नव्हतेच. ते २००२ च्या अखेरीस ७.३ मध्ये आले, आणि त्याच आवृत्तीत सगळे कन्स्ट्रेंट ‘पीजी_कन्स्ट्रेंट’ या एका कॅटलॉगमध्ये एकत्र आणले गेले. मानकाचा नियम लागू करण्याची ही संधी होती, पण ती जाणूनबुजून घेतली गेली नाही. त्याची कारणे पोस्टग्रेसच्या सोर्स कोडमधील टिपणीतच लिहून ठेवलेली आहेत : एक तर जुन्या प्रथेशी सुसंगती राखायची होती, आणि दुसरे म्हणजे बिननावाच्या कन्स्ट्रेंटला सर्वत्र एकमेव असे नाव तयार करून देण्यासाठी सर्वांना थांबवणारे लॉक घ्यावे लागू नये. कॅटलॉगमध्ये स्कीमाचा कॉलम ठेवला आहे तो केवळ मानकाशी जुळवून घेण्यासाठी, असेही त्या टिपणीत म्हटले आहे. सातबाऱ्यावरचा गट नंबर जसा गावापुरता एकमेव असतो आणि गावाचे नाव घेतल्याशिवाय त्याला अर्थ नसतो, तसे पोस्टग्रेसमधील कन्स्ट्रेंटचे नाव टेबलापुरते असते.

यातही एक पोटनियम आहे. प्रायमरी की आणि युनिक कन्स्ट्रेंट यांच्यामागे त्याच नावाचा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) तयार होतो, आणि इंडेक्सची नावे टेबलांच्या नावांसह संपूर्ण स्कीमात एकमेव असावी लागतात. म्हणून ‘वजन_तपास’ हा चेक पोस्टग्रेसमध्ये लातूरच्या आवक आणि हिशेबपट्टी या दोन्ही टेबलांवर सुखाने राहतो, पण ‘पावती_क्रमांक’ या नावाचे दोन युनिक कन्स्ट्रेंट एका स्कीमात नांदू शकत नाहीत. एकाच उत्पादनात दोन हद्दी, आणि त्या कन्स्ट्रेंटच्या प्रकारावरून ठरतात. नव्याने शिकणारा इथे हमखास गोंधळतो.

टेबलाचे नाव सोबत घेणाऱ्या आज्ञांमध्ये ही हद्द अडचणीची ठरत नाही. ‘ऑल्टर टेबल’ने कन्स्ट्रेंट काढणे असो किंवा इन्सर्ट करताना जुळणारी ओळ सापडल्यास काय करावे हे कन्स्ट्रेंटच्या नावाने सांगणे असो, टेबल आधीच ठरलेले असते. पेच येतो तो ‘सेट कन्स्ट्रेंट्स’मध्ये. स्कीमा लिहिला नसेल तर पोस्टग्रेस सर्च पाथमधील, म्हणजे त्या सेशनसाठी (डेटाबेसशी जोडलेल्या सत्रासाठी) ठरलेल्या यादीतील, स्कीमा क्रमाने पाहतो. ज्या पहिल्या स्कीमात ते नाव सापडते, तिथल्या त्या नावाच्या सर्व कन्स्ट्रेंटवर आज्ञा लागू होते आणि पुढचे स्कीमा पाहिले जात नाहीत. समजा, लातूरची आवक भरणाऱ्या सेशनचा सर्च पाथ आधीच्या कामातून हिंगोली, लातूर असा राहून गेला आणि टेबलांची नावे लिहिताना तेवढा लातूर हा स्कीमा स्पष्ट लिहिला. तपासणी पुढे ढकलण्याची आज्ञा हिंगोलीच्या आवक_आडते_कीवर लागू होते, लातूरची की आहे तशीच तात्काळ तपासत राहते, आणि आडत्याची नोंद होण्याआधी आवकेची ओळ घातली की ती नाकारली जाते. आज्ञेने तक्रार केलेली नसते, म्हणून शोधणारा भलतीकडेच शोधत बसतो. कनेक्शन पूल, म्हणजे डेटाबेसशी झालेली एकच जोडणी अनेक कामांना आळीपाळीने देण्याची सोय, वापरणाऱ्यांनी ‘सेट कन्स्ट्रेंट्स’मध्ये स्कीमा लिहिण्याची सवय लावून घ्यावी, हे मी आग्रहाने सांगेन.

संदेशांची अवस्थाही बराच काळ अशीच होती. कन्स्ट्रेंट मोडल्यावर पोस्टग्रेसच्या मुख्य संदेशात त्याचे नाव येते, स्कीमा येत नाही. आठ स्कीमांच्या डेटाबेसात त्या नावावरून जिल्हा ओळखता येत नाही. २०१३ मध्ये ९.३ या आवृत्तीने एररसोबत स्कीमा, टेबल आणि कन्स्ट्रेंट ही नावे स्वतंत्र फील्डमधून पाठवण्यास सुरुवात केली, त्यामुळे प्रोग्रामला संदेशाची वाक्ये चिरफाडून नाव काढण्याची गरज उरली नाही. टेबलाच्या आत तरी नाव एकमेव असावे यासाठीचा युनिक इंडेक्स पीजी_कन्स्ट्रेंटवर २०१८ मध्ये, अकराव्या आवृत्तीत आला.

स्कीमाची वेस ओलांडणाऱ्या फॉरेन कीचा विचार इथेच करायला हवा. सोयाबीन, तूर, हळद अशा शेतमालाची यादी ‘सामायिक’ नावाच्या स्कीमात ठेवली आणि लातूरच्या आवक टेबलातून तिकडे फॉरेन की नेली, तर तो कन्स्ट्रेंट लातूर स्कीमाचा असतो. समोरची प्रायमरी की सामायिक स्कीमाची. ओरॅकलमध्ये यासाठी सामायिकच्या मालकाने रेफरन्सेसचा, म्हणजे त्या टेबलाकडे फॉरेन की नेण्याचा, अधिकार थेट द्यावा लागतो, रोलमार्फत (अधिकारांच्या गटामार्फत) दिलेला चालत नाही. पोस्टग्रेसमध्ये समोरच्या टेबलाचे नाव कन्स्ट्रेंट तयार होतानाच सर्च पाथनुसार शोधले जाते आणि त्यानंतर त्या टेबलाचा अंतर्गत क्रमांक साठवला जातो. औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलली. अशा वेळी स्कीमाचे नाव बदलले तरी त्यातील फॉरेन की तुटत नाहीत, त्या क्रमांकावर उभ्या असतात. ज्या ठिकाणी जुने नाव मजकूर म्हणून लिहिलेले असते, म्हणजे सर्च पाथची सेटिंग, फंक्शनमधील क्वेरी किंवा जिल्ह्याचे नाव घालून रचलेले कन्स्ट्रेंटचे नाव, तिथे मात्र ते तसेच राहते आणि हाताने बदलावे लागते.

नावाच्या आरंभी टेबलाचे नाव घालण्याची प्रथा या साऱ्या फरकांवर चांगली चालते, कारण टेबलाचे नाव स्कीमात एकमेव असते आणि ते जोडले की कन्स्ट्रेंटचे नावही आपोआप तसे होते. पोस्टग्रेस स्वतः नाव ठेवतो तेव्हाही हीच पद्धत वापरतो आणि त्या स्कीमात पुनरावृत्ती टाळतो. देवनागरीत नावे ठेवणाऱ्यांना मात्र लांबीकडे लक्ष द्यावे लागते. पोस्टग्रेसमध्ये नावाची कमाल लांबी ६३ बाइट आहे आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, हलंत हे सगळे वेगळे मोजले जातात, म्हणजे एकवीस चिन्हांत नाव संपते. त्याहून लांब नाव केवळ एक सूचना देऊन छाटले जाते. ‘हिशेबपट्टी_’ इथपर्यंतच अकरा चिन्हे खर्च होतात. ओरॅकलमध्ये १२.२ आवृत्तीपूर्वी तीसच बाइट मिळत, आता १२८ मिळतात. मायएसक्यूएल ६४ आणि एसक्यूएल सर्व्हर १२८ असे चिन्हांत मोजतात, म्हणून हीच लांब नावे तिथे अखंड राहतात आणि तिथून पोस्टग्रेसमध्ये आणताना छाटली जातात.