गच्ची सजवण्याआधी एक खुर्ची वर न्या

आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक मोबाइलमध्ये फोटो साठवून आणतात. पांढरे पडदे, वेताचा झोपाळा, ओळीने टांगलेले दिवे. फोटो जरूर आणा, आवड लगेच कळते. पण त्याआधी एक गृहपाठ करा. घरातली एखादी साधी खुर्ची वर न्या आणि आठवडाभर, कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी दिवेलागणीला, १५-२० मिनिटं तिथे बसा. ऊन कुठून येतं, वारा कुठल्या कोपऱ्यात घुमतो, समोरच्या कुठल्या खिडकीतून थेट आपल्याकडे दिसतं, हे अशा बसण्यातून कळतं; आमच्या मोजपट्टीला ते कळत नाही. सकाळी एकट्याने वाचत बसायची गच्ची वेगळी आणि रात्री दहाजणांनी गप्पा मारायची वेगळी. आधी हे ठरू द्या, रंग आणि फरशी मागाहून.

पाणी आणि वजन

हा भाग फोटोत दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गच्चीला पाणी निघायच्या जाळीच्या दिशेने दर मीटरला साधारण १ ते १.५ सेंटीमीटर उतार हवा. एवढ्या उताराने टेबल कललेलं वाटत नाही, पण पाणी थांबत नाही. जिथे थांबतं तिथे आधी शेवाळ धरतं आणि मग ओल खाली उतरते. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात गवंडी सिमेंटचा गोलसर वाटा काढतात, तोही नीट हवा. गळती बहुधा तिथूनच सुरू होते. वॉटरप्रूफिंग झालं की आम्ही पाणी निघायची तोंडं बुजवतो, गच्चीत थोडं पाणी साठवतो आणि ४८ तास खालच्या खोलीच्या छताकडे लक्ष ठेवतो. ग्राहकांना हे दोन दिवस फुकट गेल्यासारखे वाटतात. सुरुवातीच्या काळात एका घरी आम्ही घाईपुढे मान तुकवली आणि ही चाचणी गाळली. पहिल्याच मोठ्या पावसात खाली ओल आली आणि नवी कोरी फरशी उखडावी लागली. त्यानंतर या बाबतीत आम्ही कुणाचंही ऐकत नाही.

दुसरी गोष्ट मातीची. ओली माती घनमीटरला सुमारे १,६०० ते २,००० किलो भरते. म्हणजे १ चौरस मीटरचा, ३० सेंटीमीटर खोल वाफा पावसात अर्ध्या टनाच्या घरात जातो. असे चार वाफे हौसेने मांडायच्या आधी स्लॅब किती भार पेलतो ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (फुगवलेले हलके पांढरे खडे) मिसळलेली माती बरीच हलकी होते. जड कुंड्या गच्चीच्या मधोमध नकोत. त्या खांबांजवळ, तुळईच्या रेषेवर ठेवाव्यात. वड-पिंपळाच्या कुळातलं झाड कुंडीत कितीही देखणं दिसलं तरी आम्ही सुचवत नाही. त्याची मुळं फट शोधतात.

पायाखाली

फरशी खरखरीत, मॅट पोताची घ्या. दुकानात चकचकीत फरशी मोहात पाडते, पण पावसात तिच्यावर पाय ठरत नाही. गडद रंग उन्हात तापतात. डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या, फळ्यांना तेलपाणी लागत नाही म्हणून त्या लोकप्रिय आहेत, पण गडद फळी दुपारी अनवाणी पायाला चटका देते. शिवाय उन्हाने तिची लांबी वाढते, त्यामुळे टोकांशी फट सोडावीच लागते. सागवानाला तेल दिलं नाही तर ते हळूहळू रुपेरी करडं होतं. ती खराबी नव्हे. खरं सांगायचं तर आम्हाला तोच रंग जास्त आवडतो. डेक, म्हणजे फळ्यांची जमीन, कशाचाही करा, जाळीच्या वरची फळी उचलता आली पाहिजे. पानं अडकली की डेकखाली तळं होतं आणि ते कुणाला दिसतही नाही.

सावली, वारा, कठडा

मावळतीचं ऊन तिरपं येतं, त्यामुळे डोक्यावरचा पर्गोला (पट्ट्यांचा उघडा मांडव) त्याला अडवू शकत नाही. पश्चिमेला उभा आडोसा हवा: झडप, पडदा किंवा जाळीवर चढवलेला वेल. वाऱ्यासाठी सलग भिंत घालू नका. तिच्यावरून उसळलेला वारा पलीकडे भोवऱ्यासारखा खाली येतो. निम्मी उघडी जाळी वाऱ्याचा जोर मोडते आणि हवाही खेळती ठेवते. मोठी छत्री घेतलीत तर उठताना ती मिटायची सवय लावा.

कठडा किमान १ मीटर उंच हवा, थोडा जास्त असेल तर उत्तम. उभ्या गजांमधली फट १० सेंटीमीटरपेक्षा कमी ठेवा. कठड्याला लागून बसायचा कट्टा बांधणार असाल तर उंची कट्ट्याच्या वरून मोजा, कारण मुलं त्यावर उभी राहतातच.

सामान आणि दिवे

चारजणांचं टेबल ९० सेंटीमीटरचं असलं तरी खुर्ची मागे सरकवून उठायला चहूबाजूंनी तेवढीच जागा लागते. म्हणजे जवळपास ३ मीटर लांब-रुंद चौक झाला. खरेदीआधी तो खडूने आखून बघा. अनेकदा तिथेच कळतं, की टेबलापेक्षा भिंतीलगतचा ४५ सेंटीमीटर उंचीचा कट्टा बरा. लाकूड, धातू आणि फरशी अशा तीन पोतांवर थांबलं की गच्ची आपोआप नीटस दिसते. पंधरा छोट्या कुंड्यांपेक्षा तीन मोठ्या शोभतात आणि लवकर सुकतही नाहीत. समुद्राजवळ राहत असाल तर स्टील ३१६ ग्रेडचंच मागा, ते खाऱ्या हवेत कमी गंजतं.

दिवे २,७०० ते ३,००० केल्विनचे (हे प्रकाशाच्या रंगाचं माप), म्हणजे पिवळसर. आयपी६५ दर्जाचे, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न जाऊ देणारे, असले की पावसाची चिंता नाही. ते पायाशी, कट्ट्याखाली, पायरीच्या कडेला लावा. डोक्यावर प्रखर दिवा लावला की आकाश दिसेनासं होतं, मग वर बसायचं कशाला? बाहेरच्या वायरिंगला आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, मात्र हवाच.

भेटीपूर्वी

इमारतीचा नकाशा असेल तर काढून ठेवा. गच्ची सामायिक असेल तर बांधकामाची लेखी परवानगी आधी घ्या. त्याशिवाय आम्ही काम हाती घेत नाही. भेटीला साधारण दीड तास लागतो. त्या दिवशी पाऊस असला तरी भेट पुढे ढकलू नका, पाणी कुठे थांबतं ते तेव्हाच दिसतं.