मानावाच लागतो की मान राखला जातो?

अमेरिकेत मोंटाना राज्यात ब्लॅकफीट या मूळनिवासी जमातीचं रिझर्व्हेशन आहे. रिझर्व्हेशन म्हणजे आपल्याकडचं आरक्षण नव्हे, जमातीसाठी राखलेला भूभाग. त्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर जमातीबाहेरच्या एकाच्या ट्रकची आणि जमातीतल्या एका बाईंच्या गाडीची टक्कर झाली. जमातीच्या स्वतःच्या कोर्टाने बाईंना भरपाई दिली. वसुलीसाठी त्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात गेल्या, तर १९९७ साली नवव्या सर्किटच्या (त्या विभागाच्या) फेडरल अपील कोर्टाने सांगितलं की इथे ‘फुल फेथ अँड क्रेडिट’ लागू नाही, आम्ही ‘कॉमिटी’ने बघू. आणि बघून निकाल नाकारला, कारण अशा अपघाताचा दावा चालवायचा जमातीच्या कोर्टाला अधिकारच नव्हता.

दोन्हींचा अर्थ ढोबळमानाने ‘दुसऱ्या कोर्टाचा निकाल मान्य करणं’ असाच. म्हणून घोळ होतो.

पहिल्यात सक्ती आहे. राज्यघटनेच्या चौथ्या कलमानुसार एका राज्याचा निकाल दुसऱ्याने मानायचाच. पण तिथे जमातींचं नावच नाही. ती उणीव काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, विषयापुरती भरली: १९७८ साली जमातीतल्या मुलांच्या ताब्याबाबत, १९९४ साली घरगुती हिंसेतल्या संरक्षण आदेशांबाबत. जमातीच्या कोर्टाचा असा आदेश पर्समध्ये घेऊन बाई रिझर्व्हेशनबाहेर आली, तर तिथल्या पोलिसांनी तो अमलात आणायचा. ‘आधी आमच्याकडे नोंदवून आणा’ म्हणायची सोय नाही.

कॉमिटीत निकाल आधी पारखला जातो. अधिकारक्षेत्र होतं का? प्रतिवादीला बाजू मांडू दिली का? सुप्रीम कोर्टाने १८९५ साली म्हटलं होतं की ही पूर्ण सक्तीही नाही आणि निव्वळ सौजन्यही नाही. तो खटला फ्रान्समधल्या निकालाचा होता. म्हणजे या मोजपट्टीने आपल्याच देशातली जमात परदेशासारखी मोजली जाते. मला हे खटकतं. (अमेरिकेतला पैशांचा हुकूमनामा आपल्याकडेही थेट दरखास्तीला, म्हणजे वसुलीला, चालत नाही, नवा दावा लावावा लागतो.)

विस्कॉन्सिन राज्यात तर सक्ती आणि कॉमिटी दोन्ही एकमेकांत अडकले. बॅड रिव्हर जमातीच्या कसिनोच्या माजी व्यवस्थापकाने नोकरीच्या करारावरून राज्याच्या कोर्टात दावा लावला, मग जमातीने आपल्या कोर्टात. जमातीचं कोर्ट म्हणालं, करारच अवैध. राज्याच्या ज्युरीने पैसे व्यवस्थापकाला दिले. जमातींचे निकाल मानायचा कायदा राज्यात होता, पण दोन दावे एकाच वेळी चालू असतील तर कोणी थांबायचं हे त्यात नव्हतं. २००० साली राज्याच्या सुप्रीम कोर्टाने दोन्ही न्यायाधीशांना आपसात बोलून ठरवायला सांगितलं. बोलले, पण जमलं नाही. अखेर २००३ साली कॉमिटीच्या आधारे ठरलं की राज्याच्या कोर्टाने थांबायला हवं होतं.

पुढे २००८ साली तिथे नियमच झाला: दोघांनाही अधिकार असेल, तर राज्याचा न्यायाधीश दिवाणी खटला जमातीच्या कोर्टाकडे वर्ग करू शकतो.