नसेवरचा हात: विदर्भातील स्नायू-सांधे व मज्जासंस्थेच्या शुश्रूषा-तपासणीची पार्श्वभूमी

लकवा मारलेला रुग्ण ग्रामीण रुग्णालयात आणला, की सिस्टर त्याच्या दोन्ही तळहातांत आपली दोन-दोन बोटे देऊन ती घट्ट दाबायला सांगते, पाय गादीवरून उचलायला लावते, डोळ्यांत टॉर्चचा उजेड टाकते आणि नाव-गाव विचारते. हे काम आज इतके अंगवळणी पडले आहे की ते पूर्वीपासून परिचारिकेचेच असावे, असे वाटते. प्रत्यक्षात हाडे, सांधे, स्नायू आणि मज्जासंस्था यांची तपासणी तिच्याकडे बरीच उशिरा आली, आणि विदर्भात तर तिचा मोठा भाग इथल्या खेड्यांतील आजारांनीच शिकवला.

या तपासणीची मूळ साधने युरोपात तयार झाली. गुडघ्याच्या वाटीखाली ठोका दिल्यावर पाय उडतो, हे विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल या जर्मन डॉक्टरांनी १८७५ मध्ये एकाच नियतकालिकात, पण स्वतंत्रपणे मांडले. तळव्यावर रेघ ओढल्यावर अंगठा वर जातो त्याचा अर्थ जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये सांगितला. बिघाड मेंदूत आहे, मणक्यात आहे की बाहेरच्या नसेत, हे ठरवणे हा त्यांचा हेतू होता. काय पाहायचे हे शिकवणे हाच परिचारिकेसाठी सर्वांत महत्त्वाचा व्यावहारिक धडा होय, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० च्या सुमारास लिहून ठेवले होते. तरी तिच्या पाहण्याचा प्रश्न डॉक्टरांपेक्षा निराळा होता. सकाळी हात जेवढा उचलला जात होता तेवढा संध्याकाळी उचलला जातो का, हे तिला सांगायचे असते, आणि त्यासाठी दुसऱ्या पाळीतील परिचारिकेलाही तशीच करता येईल अशी मोजणी लागते.

स्नायूंच्या बाबतीत ही मोजणी पोलिओने दिली. अमेरिकेत १९१० नंतरच्या दशकात पोलिओच्या साथी आल्या, तेव्हा बोस्टनचे अस्थिशल्यविशारद रॉबर्ट लोव्हेट आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्मिन राइट यांनी पृथ्वीच्या ओढीचा आधार घेऊन स्नायूंच्या ताकदीच्या पायऱ्या पाडल्या. दुसऱ्या महायुद्धात नसांच्या जखमा घेऊन येणाऱ्या सैनिकांसाठी ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९४३ मध्ये ० ते ५ अशी श्रेणी छापली, आणि आजही केसपेपरवर तीच लिहिली जाते. तिच्यातील कळीचा आकडा ३ आहे: हात किंवा पाय स्वतःच्या वजनानिशी वर उचलता आला, पण कोणी जरा दाबताच खाली गेला, तर ३. पृथ्वीची ओढ बोस्टनमध्ये आणि आर्वीत सारखीच असल्यामुळे या आकड्याला कोणतेही यंत्र लागत नाही. ४ आणि ५ मधला फरक मात्र तपासणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून राहतो, आणि तिथे दोन पाळ्यांचे एकमत क्वचितच होते.

मध्य भारतात आणखी एक श्रेणी होती. विल्यम स्लीमन यांनी १८४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत सागर भागातील हकिगत आहे: १८२९ पासून काही वर्षे गव्हाची पिके बुडाली, लोकांनी लाखेच्या डाळीवर दिवस काढले आणि धडधाकट तरुणांचे पाय कमरेखाली आखडून गेले. हीच डाळ भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या धानाच्या पट्ट्यात लाखोरी म्हणून ओळखली जाते. कापणीपूर्वी ओलसर बांधीत बी फेकले, की पुढे फारसे काही करावे लागत नाही, म्हणून ती गरिबाची डाळ. तिच्यातील विषारी अमिनो आम्ल भारतीय संशोधकांनी १९६४ मध्ये ओळखले. लाखोरी खाणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होतो असे नाही. दुसरे अन्न नसताना महिनोन्महिने तीच खावी लागली, तर धोका वाढतो. रुग्णांची वर्गवारी काठीवरून केली जाई: काठीशिवाय चालणारा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि शेवटी बसून सरपटणारा. पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, गुडघ्याचा ठोका जोरात उडतो, पण स्पर्श शाबूत असतो, एवढे पाहिले तरी हा आजार कुष्ठरोगापासून वेगळा काढता येतो.

कुष्ठरोगात नेमके उलटे घडते, कारण स्पर्श आधी जातो. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठसेवेचे काम सुरू केले. सेवाग्राम आश्रमात गांधीजी कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतः करीत. अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन १९४६ मध्ये, तर वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवन १९४९ मध्ये उभे राहिले. या कामाची सेवावृत्ती सर्वांनी वाखाणली, पण तपासणीच्या शास्त्रात तिने टाकलेली भर सहसा कोणी सांगत नाही. सल्फोन गटातील गोळ्या आल्यावर रुग्णाला वसाहतीत ठेवण्याऐवजी घरी उपचार देणे शक्य झाले, आणि मग घरोघरी जाऊन रुग्ण शोधणारी माणसे लागू लागली. १९५१ मध्ये वर्धा येथे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले आणि सर्वेक्षण, शिक्षण व उपचार ही त्याची पद्धत पुढे सरकारी कार्यक्रमानेही घेतली. या पद्धतीत डॉक्टर नसलेला कर्मचारी ओसरीवर बसून लोकांच्या नसा चाचपत असे: कोपराच्या आतल्या बाजूची खोबण, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडाला वळसा घालणारी नस, आतल्या घोट्यामागची आणि मानेच्या बाजूची. नस जाड झाली आहे का आणि दाबल्यावर दुखते का, हे बोटांना कळावे लागते. त्यासाठी दोन्ही बाजूंची तुलना करावी आणि दाबताना रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहावे, असा दंडक होता.

स्पर्शाच्या तपासणीसाठी खिशातले बॉलपेन पुरते. रुग्णाने डोळे मिटायचे, पेनाचे टोक जिथे हलके टेकले तिथे बोट ठेवायचे. करंगळी बाहेर नेणे, अंगठा वर उचलणे, मनगट आणि पाऊल वर करणे, डोळे घट्ट मिटणे या पाच हालचालींची नोंद सशक्त, अशक्त आणि लुळा अशा तीनच शब्दांत होते. ० ते ५ च्या सहा पायऱ्यांपेक्षा या तीन शब्दांत चुकायला जागा कमी आहे, म्हणून उपकेंद्रासाठी मला ते अधिक योग्य वाटतात. ही नोंद दर महिन्याला का करायची, याचे कारणही ठोस आहे: नसेला सूज येऊन ताकद किंवा स्पर्श गेला आणि ते सहा महिन्यांच्या आत लक्षात आले, तर स्टेरॉइडच्या उपचाराने तो बराच परत येऊ शकतो. चप्पल पायातून निसटली आणि मागून येणाऱ्याने सांगेपर्यंत कळले नाही, असे कोणी सहज बोलून गेले तर ती तक्रार कागदावर उतरली पाहिजे. बहुविध औषधोपचाराची शिफारस १९८१ मध्ये झाली, २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर निर्मूलनाचे उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर झाले, आणि हे काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत, म्हणजे उपकेंद्रातील परिचारिका (एएनएम) व गावातील आशा कार्यकर्त्या यांच्याकडे आले. काम आले, पण जाड नस ओळखणारी जुन्या कर्मचाऱ्यांची बोटे त्याबरोबर आली नाहीत.

सांध्यांच्या तपासणीला एवढा मोठा इतिहास नाही. हाडे कडक करणारा फ्लोरोसिस भारतात १९३७ मध्ये नेल्लोर भागातून प्रथम नोंदला गेला. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत बोअरवेलच्या फ्लोराइडयुक्त पाण्यामुळे तो आढळतो. वाकून पायाची बोटे धरणे, हनुवटी छातीला लावणे, दोन्ही हात डोक्यामागे नेणे, या तीन हालचाली जमत नसतील तर संशय घ्यायचा. धान रोवून कंबर धरलेली बाईही वाकू शकणार नाही, म्हणून पाण्याचा स्रोत विचारल्याशिवाय ही नोंद पुरी होत नाही.

तातडीच्या तपासणीचे वळण शेतातून आले. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाने बाहुली टाचणीएवढी होते, स्नायू फडफडतात. पण रुग्ण सावरतो आहे असे वाटत असतानाच, एक ते चार दिवसांनी, मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात, हे १९८७ मध्ये श्रीलंकेतील डॉक्टरांनी दाखवून दिले. उशीवरून डोके उचलता येते का, हा प्रश्न म्हणून दर पाळीला विचारायचा. मण्यार चावल्याच्या संशयातही तोच विचारायचा. जोडीला पापण्या झुकल्या का ते पाहायचे आणि एका दमात कितीपर्यंत आकडे म्हणता येतात ते मोजायचे.

शुद्धीची मोजणी ग्लासगोहून आली. ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेली श्रेणी मुळातच अशी बेतली होती की परिचारिका आणि नवखा डॉक्टर दोघांनाही ती सारखीच वापरता यावी: डोळे, बोलणे आणि हालचाल, आजच्या रूपात मिळून ३ ते १५ गुण. डोळे आणि हालचाल कुठेही मोजता येतात; बोलण्याचे पाच गुण मात्र भाषेवर उभे आहेत. मेळघाटातील कोरकू किंवा भामरागडची माडिया बोलणाऱ्या म्हाताऱ्याला सिस्टरने मराठीत महिना विचारला आणि त्याने असंबद्ध काही सांगितले, तर त्याचा निदान एक गुण जातो आणि कदाचित विनाकारण त्याला नागपूरला पाठवले जाते. अशा वेळी सोबत आलेल्या नातेवाइकाकडून त्याच्या भाषेत प्रश्न विचारून घ्यावा, महिन्याऐवजी सध्या शेतात काय चालू आहे ते विचारावे, आणि उत्तर कोणामार्फत मिळाले ते गुणांशेजारीच लिहावे, म्हणजे रात्रपाळीची सिस्टर त्याच माणसाला शोधून पुन्हा तोच प्रश्न विचारू शकेल.