परक्या खोलीतली पहिली रात्र

झपाटलेल्या हॉटेलांच्या याद्या सतत फिरत असतात आणि त्यांच्यासोबत एक युक्तिवादही हमखास येतो: "मी भित्रा नाही. घरी मला असं कधीच झालं नाही, फक्त त्या खोलीत झालं. म्हणजे तिथं काहीतरी असणारच." असं सांगणारा माणूस खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. घरी होत नाही आणि हॉटेलात होतं, हे त्याचं निरीक्षण अचूक आहे. पण त्या रात्री खोलीबरोबर त्याची झोपही बदललेली असते, आणि हे मात्र तो हिशेबात धरत नाही.

आधी कहाण्या पाहू. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या एस्टेस पार्कला १९०९ साली सुरू झालेलं स्टॅनली हॉटेल आहे. १९११ मध्ये तिथं दिव्यांच्या गॅसचा स्फोट झाला आणि एलिझाबेथ विल्सन ही तिथली कर्मचारी जखमी झाली. २१७ क्रमांकाच्या खोलीत तीच भूत होऊन पाहुण्यांचं सामान आवरते, असं सांगतात. त्या स्फोटातून ती वाचली होती, हे सांगायचं बहुतेक वेळा राहून जातं. लुईझियानातल्या मर्टल्स या जुन्या हवेलीत आज पाहुणे उतरतात. तिथल्या गोष्टीत क्लोई नावाची गुलाम स्त्री मालकिणीला आणि तिच्या मुलांना विष घालते. या क्लोईचा जुन्या कागदपत्रांत पत्ता नाही, आणि ती मालकीण पीतज्वराने गेली. कॅनडात बॅन्फ स्प्रिंग्ज हॉटेलच्या जिन्यावरून पडून मेलेल्या नवरीची गोष्ट तर इतकी लाडकी, की २०१४ मध्ये तिथल्या टाकसाळीने तिचं नाणं काढलं.

राजस्थानातल्या कोटा शहरातल्या ब्रिजराज भवनाची गोष्ट मला यात सगळ्यांत बोलकी वाटते. १८५७ मध्ये मेजर बर्टन आणि त्यांचे दोन मुलगे तिथं मारले गेले, हा इतिहास आहे. पुढे या वास्तूचं हॉटेल झालं. बर्टनचं भूत पाहुण्यांना त्रास देत नाही म्हणे. पहाऱ्यावर डुलकी लागलेल्या पहारेकऱ्याला मात्र थप्पड मारतं. आता डुलकी लागतानाचं शरीर आठवा. जागेपणातून झोपेत शिरताना स्नायूंना अचानक जोराचा झटका बसतो. आपल्यापैकी बहुतेकांनी तो अनुभवलेला आहे, आणि कधीकधी त्यासोबत मोठा आवाज किंवा प्रकाशाचा लखलखाटही जाणवतो. थकलेल्या, झोप मोडून बसलेल्या माणसाला हा झटका अधिक सहज बसतो. बर्टनची कहाणी आधीच ऐकलेला पहारेकरी त्या झटक्याला दुसरं कोणतं नाव देणार?

आता झोपेकडे येऊ. प्रयोगशाळेत तारा लावून झोपलेल्या माणसाची पहिली रात्र नेहमीपेक्षा वेगळी जाते, हे संशोधकांनी १९६६ मध्येच नोंदवलं होतं. झोप उशिरा लागते, वारंवार मोडते, स्वप्नांची झोप कमी मिळते. म्हणून झोपेच्या अभ्यासात पहिल्या रात्रीच्या नोंदी बऱ्याचदा बाजूला काढून ठेवतात. २०१६ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या मासाको तामाकी, युका सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या याच टाकाऊ रात्रीकडे पाहिलं. गाढ झोपेत मेंदूत मोठ्या, मंद लहरी उठतात. पहिल्या रात्री डाव्या गोलार्धातल्या एका जाळ्यात त्या उजव्या बाजूपेक्षा दुबळ्या होत्या; डावा अर्धा मेंदू पुरता झोपलाच नव्हता. झोपलेल्यांच्या कानाशी अधूनमधून वेगळा आवाज वाजवला, तेव्हा डाव्या गोलार्धाशी जोडलेल्या उजव्या कानात वाजलेल्या आवाजाने ते जास्त वेळा आणि लवकर जागे झाले. काही दिवसांनी तीच माणसं त्याच ठिकाणी पुन्हा झोपली, तर हा फरक नाहीसा झाला होता. ही मोजणी रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेपुरतीच होती, तरी मला ती विलक्षण वाटते. रांगेत झोपलेल्या बदकांपैकी कडेचं बदक बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून अर्ध्या मेंदूनं झोपतं, हे १९९९ मध्ये दाखवलं गेलं होतं. परक्या खोलीत आपणही थोडेसे कडेचं बदक होतो. जुन्या लाकडाची करकर, पाण्याच्या नळातली खडखड, शेजारच्या खोलीतली पावलं घरी ऐकूही आली नसती; इथं त्यांनी जाग येते.

आणि अशी जाग स्वप्ननिद्रेच्या मधोमध आली, की खरा खेळ सुरू होतो. १९५३ मध्ये शिकागोत अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी या झोपेचं वर्णन केलं. हिच्यात डोळे बंद पापण्यांखाली भराभर हलतात, मेंदू जवळजवळ जागेपणाइतका सक्रिय असतो आणि शरीर पूर्ण लुळं पडलेलं असतं. हे लुळेपण ओढवून आणलेलं असतं. मेंदूच्या देठात पॉन्स नावाचा भाग आहे. त्यातला चेतापेशींचा एक लहानसा पुंजका, सबलॅटरोडॉर्सल केंद्रक, स्वप्ननिद्रेत ग्लुटामेट हे रसायन सोडून देठाच्या खालच्या भागातल्या, म्हणजे मस्तिष्कपुच्छातल्या पेशींना चेतवतो. त्या पेशी पुढे मेरुरज्जूत ग्लायसिन आणि गाबा ही दोन रसायनं सोडतात. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशींच्या आवरणातली क्लोराइडची दारं त्यामुळे उघडतात, पेशीचं विभव, म्हणजे तिची विद्युत पातळी, शमलेल्या पातळीवर जखडून राहतं, आणि मेंदूनं धाडलेला "पळ" हा हुकूम स्नायूपर्यंत पोचतच नाही. मिशेल झुवे यांच्या फ्रान्समधल्या प्रयोगांत पॉन्समधला हा बंदोबस्त मोडलेली मांजरं झोपेतच उठून अदृश्य सावजावर झडप घालत. आपण स्वप्नात पळतो आणि तरी अंथरुणात राहतो, ते या बंदोबस्तामुळे.

यातून डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल वगळलेले आहेत. बरगड्यांमधले स्नायू मात्र सैल पडतात. जाणीव जागी झाली आणि बंदोबस्त अजून उठला नाही, तर माणूस डोळे फिरवू शकतो, खोली पाहू शकतो, पण हात हलत नाही, ओरडता येत नाही. मुद्दाम खोल श्वास घ्यायला जावं तर छाती फुलत नाही. कुणीतरी छातीवर बसलंय असं वाटतं. यालाच स्लीप पॅरालिसिस म्हणतात. २०११ च्या एका आढाव्यानुसार सुमारे ७.६ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो. विद्यार्थ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे २८ टक्के निघालं. १९९२ मध्ये जपानी संशोधकांनी तो प्रयोगशाळेत घडवून दाखवला. रात्री ठरावीक वेळी झोप मोडायची आणि पुन्हा झोपवायचं. काही जण मग थेट स्वप्ननिद्रेत घसरत आणि त्यांतल्या काहींना स्लीप पॅरालिसिस होई. परक्या खोलीतली मोडकी झोप हे काम कुणी न सांगता करते. हॉटेलं या अनुभवाला सुपीक का, याचं माझं उत्तर हे आहे.

मग खोलीत उभी असलेली ती आकृती कुठून येते? २००६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये अपस्मारावरच्या तपासणीसाठी एका तरुणीच्या मेंदूत डाव्या बाजूला, शंख आणि पार्श्व हे मेंदूचे दोन खंड मिळतात तिथं, सौम्य विद्युत प्रवाह दिला गेला. तिला लगेच पाठीमागे एक सावली जाणवली. ती आडवी झाली की सावलीही आडवी होई, ती गुडघे कवटाळून बसली की सावली तिला मिठी मारे. स्वतःचं शरीर कुठं आहे याचा मेंदूतला हिशेब विस्कटला, की "मी" ची दुसरी प्रत बाहेर उभी राहते. स्लीप पॅरालिसिसमध्येही हाच हिशेब बिघडत असावा, असं अनेक संशोधक मानतात. त्या सावलीला चेहरा, पोशाख आणि नाव पुरवायचं काम स्वागतकक्षात ऐकलेली गोष्ट करते.

हातात चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र घेऊन फिरणाऱ्या भूतशोधकांबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. ते यंत्र भिंतीतल्या विजेच्या तारा शोधतं. भुताला विज्ञानाचा पोशाख चढवण्याचा हा धंदा मला साध्या अंधश्रद्धेपेक्षा जास्त खटकतो. १९ हर्ट्झच्या ऐकू न येणाऱ्या ध्वनीमुळे भुतं दिसतात, हा १९९८ पासून लोकप्रिय झालेला दावाही जपून घ्यावा. २००९ मध्ये लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातल्या संशोधकांनी एका खोलीत असा ध्वनी आणि चुंबकीय क्षेत्रं सोडून ७९ जणांना आत पाठवलं. बऱ्याच जणांना विचित्र काहीतरी जाणवलं, पण यंत्रणा चालू होती की बंद, याच्याशी त्याचा संबंध लागला नाही.

स्लीप पॅरालिसिस एका वेळी एकालाच होतो. एकाच खोलीतल्या दोघातिघांना एकाच रात्री डोकेदुखी, मळमळ, छातीवर दाब आणि भास व्हायला लागले, तर संशय वेगळीकडे घ्यायचा. १९२१ मध्ये विल्यम विल्मर या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. घरात पावलं ऐकू येत, माणसं दिसत, सगळे गळून गेले होते. शेवटी घर तापवणारी भट्टी बिघडलेली निघाली. तिचा कार्बन मोनॉक्साइड खोल्यांत शिरत होता. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. खोलीत शेगडी, गिझर किंवा भट्टी असेल आणि असं काही जाणवलं, तर सगळ्यांना उठवून ताबडतोब मोकळ्या हवेत यायचं आणि डॉक्टरांना वायूची शंका बोलून दाखवायची.