मूठभर तांदूळ आणि किनाऱ्यावरचा वाडा

गोव्याच्या किनारी गावांत आज वाचनालय, बालनाट्य शिबिर, बचत गट असे काही दिसले की ते पंचायतीचे नाहीतर एखाद्या सरकारी योजनेचे काम असावे, असे वाटते. पण या कामांचा पाया घातला गेला तेव्हा सरकारचा आधार नव्हता, उलट अडसरच जास्त होता.

पोर्तुगीज अमलात सरकारी शाळा पोर्तुगीजमधून चालत. मराठी शिकवायचे ते गावातल्या शेणयमामाने, म्हणजे गावच्या पंतोजीने. देवळाच्या आवारात किंवा कुणा सावकाराच्या ओसरीवर बसून तो अक्षरे, पाढे आणि हिशेब घोटून घेई. पोरे बहुतेक खाऊनपिऊन सुखी घरांतली. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्यांची मुले त्या ओसरीपर्यंत क्वचितच पोचत, कारण जाळे ओढायला घरातला प्रत्येक हात लागे.

1908 साली पणजीत मुष्टीफंड संस्था उभी राहिली, आणि तिची पैसे उभारण्याची रीत मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. घरोघरी रोजच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढायची आणि जमलेल्या तांदळातून शाळेचा खर्च भागवायचा. देणगीदाराची मर्जी सांभाळायला नको, सरकारपुढे हात पसरायला नको. दोन वर्षांनी, 1910 मध्ये, पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क मिळाले आणि संस्थांना मोकळा श्वास घेता आला. मडगावचे गोमंत विद्या निकेतन याच सुमाराचे. पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेल्या गोवेकरांनी 1919 मध्ये तिकडे गोवा हिंदू असोसिएशन काढली. पुढे ती नाटकांमुळे घराघरांत पोचली.

मग पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट आली. सभा घ्यायची तर परवानगी, छापायचे तर सेन्सॉर. लग्नपत्रिकासुद्धा तपासणीतून जात. अशा काळात लोक जमत ते भजनाला, जत्रेला आणि जत्रेतल्या नाटकाला. वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह तर त्याआधीचा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगच्या साथीनंतर सुरू झालेला. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी अखंड भजन सुरू होते आणि वेगवेगळ्या व्यवसायांचे लोक आपापले पार, म्हणजे भजनाच्या मिरवणुका, घेऊन येतात. हा नुसता उत्सव नव्हता. वर्गणी कशी गोळा करायची, कामे कशी वाटायची, हे बंदराच्या गावाने तिथेच गिरवले.

वाड्यावरच्या, म्हणजे मच्छीमार वस्तीतल्या, मुलांपर्यंत शाळा खऱ्या अर्थाने पोचली ती 1961 मध्ये गोवा पोर्तुगीजांपासून मुक्त झाल्यानंतर. डिसेंबर 1963 मध्ये दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. उत्तर गोव्यातल्या पेडण्याच्या किनाऱ्यावर कित्येक घरांत वाचता येणारी पहिली पिढी ही याच शाळांची.

सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्यालगतची मासळी ओरबाडू लागले, तेव्हा रापणकार संघटित झाले. त्यांचे नेते माथानी साल्ढाणा हे पेशाने शिक्षक, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. मोर्चे, उपोषणे, निवेदने यांतून प्रौढ माणसांनी कायदा समजून घेतला. 1980 मध्ये गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला आणि किनाऱ्यापासून 5 किलोमीटरच्या आत ट्रॉलरना मज्जाव आला. तो पट्टा मोडला जातो का, यावर लक्ष ठेवण्याचे काम मात्र पुन्हा रापणकारांच्याच गळ्यात पडले.